डब्यावर कोरलेलं नाव

आफ्रिकेत वाघ नसतो, हे लोकांना समजावण्यात माझ्या नोकरीची बरीच वर्षं गेली. सिंह, हत्ती, जिराफ, पाणघोडा, चित्ता, बिबट्या, सगळं दाखवते म्हटलं तरी पलीकडून प्रश्न यायचाच, 'आणि वाघ?' मी मूळची नागपूरची. वाघच बघायचा असेल तर माझ्या माहेरी जा, तिथून दोन-तीन तासांवर जंगल आहे, असं सांगितलं की मंडळी हिरमुसायची. एवढ्या लांब जायचं आणि वाघ नाही म्हणजे मीच कुठेतरी काटकसर केली आहे, असा त्यांना संशय यायचा.

मी ट्रॅव्हल एजंट होते. आधी एका प्लाझामध्ये, ग्रोसरीचं दुकान आणि दातांचा दवाखाना यांच्यामध्ये असलेल्या छोट्या ऑफिसात, आणि नंतर कॅनडातल्या मिल्टन गावी आमच्या घराच्या बेसमेंटमध्ये. भिंतीवर पूर्व आफ्रिकेचा मोठा नकाशा, खाली हीटर, आणि पायऱ्यांवरून येणारा फोडणीचा वास, असं माझं कार्यालय होतं. क्रूझ, काशी, युरोप सगळंच विकलं, पण लोक मला ओळखायचे ते 'स्वस्तातली सफारीवाली सुनंदा' म्हणून. स्वस्तातली हा शब्द मला सुरुवातीला झोंबायचा. पुढे त्याचाच अभिमान वाटायला लागला, कारण महागडी सफारी कुणीही आखू शकतं. पैसे फेकले की विमान थेट जंगलात उतरतं आणि तंबूत बाथटब असतो. खरं डोकं लागतं ते कमी पैशांत माणसांना तेच हत्ती दाखवायला.

बाहेरच्यांना हा धंदा कळत नाही म्हणून थोडं सांगते. सफारीत सर्वांत महाग असते ती अभयारण्याची प्रवेश फी आणि गाडी. फी बऱ्याच ठिकाणी चोवीस तासांची असते. सकाळी उशिरा आत गेलात तर भर उन्हात प्राणी सावलीला झोपलेले असतात आणि पुढची रात्र फुकट जाते. म्हणून मी माणसांना दुपारी आत पाठवायची. तीच दुपार आणि दुसऱ्या दिवशीची पहाट, असे दोन उत्तम फेरफटके एकाच फीमध्ये व्हायचे. मुक्काम शक्यतो फाटकाबाहेरच्या साध्या तंबूंत. गाडीत सहाच माणसं, म्हणजे प्रत्येकाला खिडकी. सातवं माणूस 'मधे बसेल, आम्ही अ‍ॅडजस्ट करू' असं म्हणत हमखास यायचं. मी त्याला नाही म्हणायची. कारण दुसऱ्या दिवशी सिंहीण नेमकी मधल्या माणसाच्या उलट्या बाजूला बसते आणि तिसऱ्या दिवशी त्या गाडीत कुणी कुणाशी बोलत नाही. बॅग मऊ कापडी, पंधरा किलोच्या आत. आणि नऊ दिवसांत तीनच अभयारण्यं, चौथं नाही.

हे शेवटचं पटवणं सर्वांत कठीण. मिल्टनमधलाच एक सॉफ्टवेअरवाला मुलगा एकदा एक भलामोठा तक्ता घेऊन आला. पाच दिवसांत सहा अभयारण्यं. नकाशावर त्याने फूटपट्टीने अंतरं मोजली होती आणि ताशी शंभरच्या वेगाने भागली होती. मी त्याला म्हटलं, बाळा, हा आपला फोर-ओ-वन हायवे नाही, तिथे रस्त्यात गाई बसलेल्या असतात आणि गाई नसल्या तर रस्ताही नसतो. ऐकलं त्याने. परत आल्यावर बायकोसकट भेटायला आला आणि तीनऐवजी दोनच ठेवायला हवी होती म्हणाला. मॉन्ट्रियलच्या एका जोडप्याला सिंह दिसण्याची लेखी हमी हवी होती, तीही फ्रेंचमध्ये. त्यांना मी सांगितलं की सिंहाला फ्रेंच येत नाही, सही कोण करणार. ते गृहस्थ एवढे हसले की पुढे दर वर्षी दिवाळीला फोन करत राहिले.

माझा एक नियम होता. पासपोर्टची कॉपी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी तिकीट काढत नसे. सख्ख्या नणंदेकडूनही मी कॉपी मागून घेतली होती आणि तिने ते मनाला लावून घेतलं होतं. इतक्या वर्षांत तो नियम मी एकदाच मोडला, आणि त्याचीच ही हकिगत आहे.

दोन हजार सतराचं वर्ष. आमच्या इथल्या मराठी मंडळातले अनंतराव साठे हे निवृत्त इंजिनीयर. जिथे तीन माणसं जमतील तिथे यादी करणारे. त्यांनी स्वतः, त्यांची पत्नी, एक डॉक्टर जोडपं, एक निवृत्त प्राध्यापक आणि वासंतीताई टिकेकर असा सहाजणांचा ग्रुप जमवला. सप्टेंबरच्या सुरुवातीचा लेबर डे उलटला की निघायचं. पितृपक्षात प्रवास कसा करायचा असा प्राध्यापकांनी एक मुद्दा काढला होता, पण त्याच काळात तिकीट स्वस्त आहे म्हटल्यावर त्यांनीच तो मागे घेतला. अनंतरावांनी सगळ्यांची नावं, पासपोर्ट नंबर, जन्मतारखा, रक्तगट आणि कोणाला चहात साखर नको, असा एक सुबक तक्ता करून पाठवला. व्हिसा नैरोबीच्या विमानतळावरच मिळणार होता, त्यामुळे त्यासाठीही मला कॉप्यांची गरज पडली नाही. ही सहाही माणसं माझ्या पंचवीस वर्षांच्या ओळखीची. यांच्याकडे काय कॉप्या मागायच्या, असं मला वाटलं आणि मी तक्त्यावरून तिकिटं काढली.

वासंतीताईंबद्दल सांगायला हवं. तेव्हा त्या एकाहत्तर वर्षांच्या होत्या. पती वसंतराव जाऊन दोन वर्षं झाली होती. मोठं घर विकून त्या एकट्या एका लहानशा कॉन्डोमध्ये राहत होत्या. मंडळात त्या कायम टिकेकरांच्या मागे चार पावलांवर असायच्या. कोजागिरीचं दूध आटवायचं असो की गणपतीचे मोदक, काम त्यांचं आणि भाषण वसंतरावांचं. त्यांनी तीस वर्षं हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी केली होती, हे मला माहीत होतं, पण तिथे त्या काय करत असत हे मी कधी विचारलं नव्हतं.

सफारीचं त्यांनी स्वतःहून विचारलं होतं. फोनवर म्हणाल्या, 'सुनंदा, अंबोसेलीला जाते का गं तुझी ट्रिप? हत्ती जिथे आहेत ते?' मी चकित झाले, कारण अंबोसेली हे नाव ग्राहकाच्या तोंडून कधी आधी येत नाही. मग कळलं की त्या प्राणिशास्त्र शिकलेल्या. कॉलेजात त्यांच्या बाईंनी एकदा किलीमांजारोच्या पायथ्याशी चाललेल्या हत्तिणींच्या कळपाचं चित्र दाखवलं होतं आणि आपण तिथे जाऊन हत्तींवर अभ्यास करायचा, असं या मुलीने ठरवून टाकलं होतं. मग लग्न झालं. वसंतरावांना प्रवास म्हणजे भारत आणि फ्लोरिडा, इतकाच मंजूर होता. त्या हे सगळं तक्रार न करता सांगत होत्या, आणि म्हणूनच मला ते जास्त लागलं.

त्यांचा मुलगा निखिल रिचमंड हिलला राहतो. त्याला ही ट्रिप अजिबात पसंत नव्हती. आईचं वय, गुडघे, मलेरिया, सगळं त्याने पुढे केलं होतं. 'सगळ्यांसारखी क्रूझ का नाही करत तू, मॉम?' हा त्याचा प्रश्न त्यांनी मला जशाच्या तसा ऐकवला होता. शेवटी त्यांनी त्याला वचन दिलं होतं की काहीही विघ्न आलं तर मी पुन्हा नाव काढणार नाही. असली वचनं आपल्या बायका का देतात कोण जाणे. पण दिलं होतं.

रविवारी संध्याकाळी विमान होतं. शुक्रवारी दुपारी मी सहाहीजणांना बॅगा घेऊन घरी बोलावलं. ही माझी पद्धत होती. बॅगा माझ्या काट्यावर चढवायच्या, जास्तीचं काढून ठेवायचं, चहा घेऊन जायचं. नवरे लोकांच्या बॅगा बायका भरतात आणि बायकांच्या बॅगेत निम्मं नवऱ्याचं सामान असतं, हे मला काट्यानेच शिकवलं आहे.

त्या वेळी एक नवीन भानगड झाली होती. केनियाने नुकतीच प्लास्टिकच्या पिशव्यांवर कडक बंदी आणली होती. आपल्याकडच्या बायकांचं अर्धं स्वयंपाकघर झिपलॉकमध्ये असतं. लाडू झिपलॉकमध्ये, चिवडा झिपलॉकमध्ये, गोळ्या झिपलॉकमध्ये, आणि जादा झिपलॉकही झिपलॉकमध्ये. मी सगळ्यांना बजावलं होतं की एकही पिशवी न्यायची नाही. त्यामुळे सगळ्यांनी माळ्यावरून, बेसमेंटमधून जुने स्टीलचे डबे बाहेर काढले होते. माझ्या टेबलावर त्या दिवशी एखाद्या रुखवतासारखे डबे मांडले गेले.

मी एकेक डबा काट्यावर ठेवत होते. एक लहानसा, कडीचा डबा हाती आला. झाकणावर बारीक ठिपक्यांनी नाव कोरलेलं होतं. आपल्याकडे लग्नात भांड्यांवर कोरतात तसं. 'चि. कुसुम हीस, आईकडून.'

'हा कुणाचा चुकून आलाय?' मी विचारलं.

'माझाच की,' वासंतीताई म्हणाल्या. 'बेसनाचे लाडू आहेत.'

'यावर कुसुम आहे.'

'मीच ती. लग्नाआधीची.'

मी हसले. आणि पुढच्या क्षणी डबा तसाच काट्यावर ठेवला. मी शक्य तितक्या शांतपणे विचारलं, 'ताई, पासपोर्टवर काय नाव आहे?'

'कुसुम. लॅबमध्ये, बँकेत, सगळीकडे कुसुमच. वासंती फक्त आपल्या लोकांत.'

हे आमच्या पिढीतल्या कुठल्याही मराठी बाईला समजावून सांगावं लागणार नाही. लग्नात ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्याने अंगठीने त्यात नवं नाव लिहायचं, आणि पेढे वाटायचे. टिकेकरांकडे वसंताला शोभेल म्हणून सासूबाईंनी वासंती ठरवलं. पण पासपोर्टच्या कारकुनाने शाळेचा दाखला मागितला, दाखल्यावर कुसुम होतं, त्यामुळे आडनाव बदललं आणि नाव तेच राहिलं. अशी ती एक बाई कॅनडात दोन नावांनी उतरली. माझंही नाव लग्नात बदललं, पण माझ्या सासऱ्यांनी ते राजपत्रात छापून आणलं आणि सगळे कागद नव्या नावाचे करून टाकले. म्हणून मला कधी काही अडलं नाही, आणि म्हणूनच हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

तिकिटावर होतं वासंती टिकेकर. पासपोर्टवर कुसुम टिकेकर. त्यांना तिकीट पाठवलं होतं मी तीन आठवड्यांपूर्वी. त्यांनी ते पाहिलंही होतं. पण मंडळाच्या माणसांकडून येणाऱ्या कागदावर वासंतीच असतं, इतकी त्यांना सवय झालेली, की त्यात काही वावगं आहे असं त्यांना वाटलंच नाही. अनंतरावांनी आपला तक्ता पुन्हा पुन्हा तपासला आणि पासपोर्ट नंबर मात्र बरोबर आहे, असं तीनदा सांगितलं. त्यांच्या पत्नीने त्यांना स्वयंपाकघरात जाऊन चहा गाळायला सांगितलं.

मी वर जाऊन विमान कंपनीला फोन लावला. एका अक्षराची चूक असती तर दोन मिनिटांत दुरुस्त झाली असती. पण पूर्ण पहिलं नाव वेगळं म्हणजे त्यांच्या लेखी वेगळा माणूस. तिकीट दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. नवीन काढावं तर त्या विमानात जागा नव्हती, आणि पुढच्या विमानाने गेलं तर नैरोबीहून गाडी निघून गेलेली असणार. पलीकडची बाई मात्र चांगली होती. ती म्हणाली, दोन्ही नावं एकाच बाईची आहेत असा एखादा कायदेशीर कागद असेल तर उद्या दुपारी बारापर्यंत पाठवा, मी माझ्या सुपरवायझरशी बोलते. तिने मला स्वतःचा थेट ईमेल दिला. तिला तसं करायची काही गरज नव्हती.

मी खाली आले तेव्हा वासंतीताई आपल्या बॅगेतून सामान बाहेर काढत होत्या. स्वेटर, टोपी, गुडघ्याचा पट्टा. शांतपणे घड्या घालून बाजूला ठेवत होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, 'जाऊ दे गं. तुझी काही चूक नाही.'

चूक माझीच होती. मी तसं सगळ्यांसमोर म्हटलं. मग विचारलं की दोन्ही नावं असलेला कागद कुठे आहे का. लग्न नोंदवलेलं नव्हतं. त्या थोडा वेळ आठवत राहिल्या. कॅनडाला यायच्या वेळी वसंतरावांनी नागपूरला एका वकिलाकडून इंग्रजीत प्रतिज्ञापत्र करून घेतलं होतं, लग्नाच्या पुराव्यासाठी. त्यात दोन्ही नावं असणार. पण घर विकलं तेव्हा जुन्या कागदांची पत्र्याची पेटी निखिलच्या बेसमेंटमध्ये गेली होती.

'त्याला नको सांगूस,' त्या म्हणाल्या. 'त्याला कारणच हवंय.'

मला वाटत होतं की फोन मीच करावा, चूक माझी, बोलणी मी खाईन. मी तसं म्हटलंही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग त्या डब्याकडे पाहिलं, आणि स्वतःच फोन उचलला. आपल्या मुलाशी त्या मराठीत बोलत होत्या आणि तो इंग्रजीत, नेहमीप्रमाणे. त्यांनी काहीही लपवलं नाही. तिकिटावर चुकीचं नाव आहे, कागद मिळाला नाही तर मी जाऊ शकत नाही, तो तुझ्याकडच्या पेटीत आहे. पलीकडून तो बराच वेळ काही बोलला. त्या 'हो' आणि 'कळतं मला' एवढंच म्हणत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, 'निखिल, मला जायचंय.' आणि फोन ठेवला.

'बघतो म्हणाला,' त्यांनी आम्हाला सांगितलं.

आईशी मराठी न बोलणाऱ्या मुलाच्या 'बघतो'चा अर्थ काय लावायचा, हे आम्हा कुणालाच कळेना. मी आयुष्यात एवढ्या लोकांच्या वाट्याला उशिरा आलेली विमानं आणि हरवलेल्या बॅगा पाहिल्या, पण इतकी हतबल कधी झाले नव्हते. एक माणूस आता आपल्या बेसमेंटमध्ये जाणार होता. त्याच्या मनात असतं तर 'सापडत नाही' एवढे दोनच शब्द पुरले असते. कुणी त्याला खोटं ठरवू शकलं नसतं, आणि आई पुन्हा कधी आफ्रिकेचं नाव काढणार नव्हती.

शनिवारी सकाळी मी वासंतीताईंना माझ्याकडेच बोलावून घेतलं. साडेनऊ वाजता घरासमोर गाडी थांबली. निखिल उतरला. पन्नाशीला टेकलेला, केस पांढरे व्हायला लागलेले, अंगावर फ्लीसचं जॅकेट. हातात कागद नव्हता. पत्र्याची अख्खी पेटीच उचलून आणली होती त्याने. ती माझ्या जेवणाच्या टेबलावर ठेवली आणि वरचा पिवळा पडलेला कागद काढून माझ्यापुढे धरला.

'आँटी, इज धिस द वन?'

तोच होता. जुन्या टाइपरायटरवर टाइप केलेला, वकिलाच्या शिक्क्याचा, कोपऱ्यात कीड लागलेला. कुमारी कुसुम, जी विवाहानंतर वासंती या नावाने ओळखली जाते, असं त्यात स्वच्छ इंग्रजीत लिहिलेलं होतं. मी तो स्कॅन करून पाठवला, आणि आम्ही तिघं टेबलाशी बसून राहिलो. फोन येईपर्यंत करण्यासारखं काही नव्हतं.

निखिल पेटीतले कागद चाळत होता. आईची बी.एस्सी.ची पदवी, प्राणिशास्त्रात पहिला वर्ग. एका वहीत पेन्सिलीने काढलेला हत्तीच्या दाढेचा आडवा छेद. तो ती वही बराच वेळ बघत राहिला. मग त्याने आईला जे विचारलं ते मला अजून आठवतं.

'मला वाटायचं एव्हरीबडीज मॉम हॅज टू नेम्स,' तो म्हणाला. 'व्हिच वन डू यू लाइक?'

'सध्या तरी विमानात बसू देतील ते,' त्या म्हणाल्या.

तो हसला, आणि मग त्याला रडू आलं. त्याने ते लपवायला खिडकीबाहेर बघितलं. मला त्या क्षणी त्याच्याबद्दल इतकी माया वाटली की मी उठून त्याला दुसऱ्यांदा पोहे वाढले. रात्री उशिरापर्यंत त्याने ती पेटी उपसली होती हे त्याच्या बायकोने मला नंतर सांगितलं. कागद त्याला पहिल्याच गठ्ठ्यात सापडला होता. बाकीचं तो वाचत बसला होता.

पावणेबाराला फोन आला. सुपरवायझरने मान्य केलं होतं. त्या कॉल सेंटरच्या बाईने नवं तिकीट मी वाचून खात्री करेपर्यंत फोन ठेवला नाही. तिचं नाव मी घाईत विचारलंच नाही, त्याची मला आजही चुटपुट लागते. अनंतरावांना मी फोन केला तेव्हा ते म्हणाले की त्यांनी तक्त्यात दुरुस्ती आधीच करून ठेवली आहे.

रविवारी आईला विमानतळावर सोडायला निखिल स्वतः गेला. मलेरियाच्या गोळ्या मोजून त्याने वारांची नावं लिहिलेल्या डबीत भरून दिल्या होत्या.

ट्रिपवर मी नव्हते. हा या धंद्यातला विनोदच आहे. मी कितीतरी लोकांना सिंह दाखवले, आणि मी स्वतः तिकडे जेमतेम दोनदा गेले. बाकी सगळं मी बेसमेंटमधल्या नकाशावर आणि आलेल्या लोकांच्या तोंडून पाहिलं. त्यामुळे पुढचं आहे ते ऐकलेलं, पण पाचजणांकडून वेगवेगळं ऐकलेलं.

नैरोबीच्या विमानतळावर प्लास्टिक शोधणाऱ्या अधिकाऱ्याने त्यांचा डबा उघडला, लाडू पाहिले, आणि झाकणावरची अक्षरं कसली म्हणून विचारलं. माझं नाव आहे, आईने घातलंय, असं त्यांनी सांगितलं. त्याने डबा दोन्ही हातांनी परत दिला. त्यांचा ड्रायव्हर-गाइड जोसेफ हा माझ्या विश्वासातला माणूस. त्याच्याकडे मी नव्या तिकिटावरून यादी पाठवली होती. त्याने पहिल्याच सकाळी त्यांना 'मामा कुसुम' म्हणून हाक मारली. त्यांच्याकडे वडीलधाऱ्या बाईला आदराने मामा म्हणतात. गाडीतल्या बाकीच्यांना ते ऐकून आधी गंमत वाटली. दुसऱ्या दिवसापर्यंत डॉक्टरीणबाई कुसुमताई म्हणायला लागल्या होत्या. अनंतरावांना जमायला पाच दिवस लागले.

अंबोसेलीत किलीमांजारो पहिल्या दिवशी ढगांत होता. दुसऱ्या पहाटे तो उघडा पडला आणि त्याच्यापुढून हत्तिणींचा कळप दलदलीकडे निघाला. जोसेफने इंजिन बंद केलं. तो सांगत होता की कळपाची मुख्य ही सर्वांत म्हातारी हत्तीण असते. तिच्या मुली, मुलींच्या मुली, सगळ्या जन्मभर तिच्यासोबत राहतात. नर मोठा झाला की त्याला मात्र कळप सोडून जावं लागतं. कुसुमताई छपराच्या उघड्या भागातून उभ्या राहून बघत होत्या. गुडघ्याचा पट्टा लावून दोन तास त्या खाली बसल्या नाहीत.

'म्हणजे यांच्यात मुलगे सासरी जातात,' त्या म्हणाल्या.

प्राध्यापकांनी ते इंग्रजीत करून जोसेफला सांगितलं. तो इतका मोठ्याने हसला की कळपातल्या एका पिल्लाने कान उभारले. आणि कुसुमताई रडत होत्या, असं डॉक्टरीणबाई सांगतात. अनंतराव सांगतात की धूळ होती. मी दोघांवर विश्वास ठेवते.

त्या घटनेनंतर मी माझ्या फॉर्ममध्ये एक ओळ वाढवली. पासपोर्टवरचं नाव, आणि त्याखाली, 'तुम्हाला काय म्हणून हाक मारलेली आवडेल?' ही दुसरी ओळ तिकिटाच्या कामाची नाही. पण बायका फॉर्म भरताना तिथे थांबायच्या, पेन हातात धरून बसायच्या. पंचवीस वर्षं मी अशा कितीजणींना मिसेस अमुक, मिसेस तमुक म्हणत तिकिटं दिली याचा हिशेब लावायची मला लाज वाटते. त्याबरोबरच हेही म्हणते की माझ्याकडून जी एक मोठी चूक झाली, ती निस्तरायला इतकी माणसं धावून आली, की या धंद्याबद्दल मला तक्रार करायला जागा उरलेली नाही.

परत आल्यावर दोन आठवड्यांनी कुसुमताई मला भेटायला आल्या. निखिल सोडून गेला होता. तोच कडीचा डबा त्यांनी माझ्यापुढे ठेवला. आत केनियाचा चहा होता. डबा ठेवून घे म्हणाल्या. मी नको म्हटलं, आईचा आहे तो. त्या म्हणाल्या, 'हा नसता तर मी गेले नसते. आणि तू त्यावरचं नाव वाचलं नसतंस तर याचाही उपयोग नव्हता.' मी डबा हातात धरून त्या ठिपक्यांवरून बोट फिरवत बसले. आमच्याकडची भांडी नव्या नावाने कोरलेली आली होती. जुन्या नावाचं माझ्याकडे काहीच नाही.

तेव्हा त्यांनी विचारलं, 'तुझं काय होतं गं?'

चाळीस वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. माझ्या मुलीनेही नाही. सांगताना माझाच आवाज मला परका वाटला. मी म्हटलं, 'उषा.'

त्यांनी ते एकदा मनातल्या मनात म्हणून पाहिलं असावं. मग पदर सारखा करून खुर्चीत नीट टेकून बसल्या.

'बरं उषा,' त्या म्हणाल्या, 'चहा टाक आता.'